डाव्या बाजूची काच

७ जुलै
सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना खाली लक्ष गेलं. हे कल्पनाच्या गाडीसमोर वाकलेले. एका हातात नवा वायपर, दुसऱ्याचं पाकीट दातात धरलेलं. ती यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी. पाऊस म्हणाल तर नावालाही नव्हता.

कल्पना म्हणजे वरच्या मजल्यावरची नवी भाडेकरू. कॉलेजात शिकवते, नवरा पुण्याला. वय चव्वेचाळीस, मी विचारून घेतलं. मला काकू म्हणते आणि यांना भाऊ. हे नातं तिनं कसं बसवलं, तिचं तिला माहीत.

वर आले, हात धुतले, चहा मागितला.
"दुकानवाला लावून देत नाई काय?"
"देते न. पन तिले काय समजते त्यातलं? भलतंच काई गळ्यात मारलं असतं त्यानं."
आमच्या मिक्सरचं झाकण होळीपासून तुटलेलं आहे. मी हातानं दाबून धरते. मला त्यातलं समजतं, म्हणून असेल.

हे मागच्या वर्षी रिटायर झाले. तेव्हापासून अख्ख्या कॉलनीचे फ्यूज, नळ, पंखे यांच्याच भरवशावर. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. आज वाटलं. चहात साखर घातली नाही मुद्दाम. तसाच पिऊन गेले, कळलंही नाही.

९ जुलै, अकोला
मोहिनीकडे आलो. पोरीला सातवा लागला, डोहाळजेवण वीस तारखेला ठरलं.

अमरावतीहून निघालो, बडनेरा सोडलं आणि पाऊस लागला. यांच्या बाजूची काच लख्ख. माझ्या बाजूचा वायपर करकर करत फिरतो आणि पाणी नुसतं सारवतो. ट्रकचे दिवे दिसतात, ट्रक दिसत नाही.
"माह्या बाजूनं काईच दिसून नाई राहिलं."
"तुले काय पाहाचं हाय? गाडी मी चालवून राहिलो का तू?"

मग आठवत बसले. यांच्या बाजूचा वायपर दर पावसाळ्याला नवा. माझ्या बाजूचा, गाडी घेतली तेव्हा आला होता तोच. उन्हाळ्यात गाडी उन्हात लावली की हे आपला वायपर उचलून उभा करतात, तापलेल्या काचेला रबर चिकटतं म्हणून. माझा तसाच आडवा. पलीकडून फेरा कोण मारणार? आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन, काय उरेल त्या रबराचं.

इतकी वर्षं हे मला कधी खुपलं नव्हतं. नव्हतं खुपलं, हेही आता खुपतं.

१० जुलै
परत आलो. वाटेत पाऊस नव्हता.
स्कूटर होती तेव्हा मला फक्त यांची पाठ दिसायची. गाडी आली त्या दिवशी मी म्हटलं होतं, चला, आता मलाही रस्ता दिसेल. किती हसले होते हे.

१२ जुलै
वरची क. वाटीभर वड्या घेऊन आली. अकोटची आहे, हाताला चव आहे. खोटं कशाला बोलू.
"काकू, भाऊंनी किती केलं हो माझ्यासाठी. मी म्हटलं त्यांना, एकच बदला भाऊ, माझ्या बाजूच्या सीटवर कोनी बसतच नाही. तर म्हनाले, नाई, दोन्ही बाजूनं दिसलं पाह्यजे."

हातातली अर्धी वडी मी ताटलीत ठेवून दिली.

तिच्या शेजारची सीट रिकामी. तिथे तिची पर्स बसते. पर्सला रस्ता लख्ख दिसतो, आणि मी...

"कोनी बसतच नाही" म्हणताना तिचा चेहरा पडला होता. तो मला दिसला. पण कीव करायला मन थंड असावं लागतं. माझं जळत होतं. तिची वाटी रिकामीच परत पाठवली. सासरी आल्यापासून कुणाचं भांडं मी रिकामं पाठवलेलं नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालतेच. आज नाही घातली.

१४ जुलै
ठरवलं, यांना सांगायचंच नाही. आपणच आणायचा. ऑटो करून राजापेठेत गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले.
दुकानदार म्हणे, "कोन्ती बाजू? किती इंची? हुकवाला का बटनवाला?"
मला गाडीचा रंग माहीत. पत्ता सांगितला तर ओळखलं त्यानं.
"म्हंजे ते हसतमुख साहेब? मागच्या हप्त्यातच दोन घेऊन गेले न. किती पाहून पाहून घेतले! रबर वाकवून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. जुना काढून आना काकू, नाईतर साहेबालेच पाठवा."
हसतमुख! घरी तो माणूस कधी येतो तेवढं विचारायला हवं होतं.

१५ जुलै
दुपारी हे झोपले तशी खाली गेले. खटका दाबून वायपर खाली ओढायचा, हे क.च्या वेळी गॅलरीतून पाहून घेतलं होतं. निघाला. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या हातातली दांडी सुटली. नुसती लोखंडी दांडी सटकन काचेवर. बाजरीच्या दाण्याएवढा टवका उडाला. माझ्याच बाजूला.

इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. मोहिनीची शाळेतली काळी रिबीन आणून दांडीला गुंडाळली, आणखी ओरखडे नको म्हणून. टवक्यावर कपाळाची टिकली काढून चिकटवली. वायपर वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत.

चहाच्या वेळी सांगू म्हटलं. चहा झाला, नाही सांगितलं. आता पाहायचंच आहे, यांना कधी दिसतं ते.

१७ जुलै
हे गाडी घेऊन बाजारात जाऊन आले. दिसलं नाही.

१८ जुलै
आज तर गाडी पुसली. समोरची काच अर्ध्यापर्यंत पुसली आणि फडकं झटकलं. त्या अर्ध्याच्या पलीकडे मी बसते.

संध्याकाळी क. जिन्यात भेटली. "काकू, तुमच्या काचेवर टिकली कशी? अन वायपर कुठं गेला?"
हिला जाता जाता दिसलं. त्याचाही राग आला. आमच्या गाडीकडे हिचं इतकं लक्ष कशाला?
"भाऊंना सांगू का?"
"काई गरज नाई."
जरा जोरातच बोलले. बिचारी दोन पायऱ्या मागे सरकली. बिचारी कसली!

२० जुलै, अकोला
डोहाळजेवण छान झालं. मोहिनी हिरव्या साडीत अशी दिसत होती की दृष्ट काढली. विहीणबाईंनी विचारलं, तुम्ही गप्प कावून? डोकं दुखतं म्हटलं. इथे लिहिते, कुणाशी बोलण्यासारखं नाही.

सकाळी मूर्तिजापूरच्या अलीकडे धो धो पाऊस. यांनी वायपर सुरू केले. माझ्या बाजूला रिबीन फिरायला लागली, ओली, एक टोक सुटलेलं.
"हे काय होय?"
"रिबीन."
"वायपर कुठं गेला?"
"पाच-सहा दिवस झाले. नाई हाय."
"अन ते लाल?"
"टिकली."
मूर्तिजापुरात एका दुकानासमोर गाडी लावली, उतरले. दुकानदारानं काहीतरी विचारलं आणि हे वळून गाडीकडे पाहायला लागले. काय विचारलं असेल ते मला चांगलं ठाऊक. कल्पनाच्या गाडीची दोन्ही मापं यांना पाठ असतील. आपल्या गाडीचं डावीकडचं माप माहीत नाही.

मग परत आले, भर पावसात माझ्यासमोर वाकले आणि काचेवर वीत टाकून मोजायला लागले. एक वीत, दुसरी वीत, वर काही बोटं. पुन्हा पहिल्यापासून. चष्म्यावरून पाणी गळत होतं. डोक्यावर छत्री धरायला कुणी नव्हतं. बोटं टिकलीपाशी येऊन थांबली. तिच्यावरून अंगठा फिरवला. टवका कळला असणार. काचेतून माझ्याकडे पाहिलं, पण पाण्यातून मला चेहरा नीट दिसेना.

जुना वायपर माझ्या पायाशी पिशवीतच होता. काच खाली करून दिला असता की माप मिळालं असतं. नाही दिला. मोजू दे म्हटलं. तेवढा वेळ मला फार बरं वाटलं.

आणलेला दोन बोटं मोठा निघाला, यांच्या वायपरवर आपटायला लागला. लहान त्या दुकानात नव्हता. तो परत केला, रिबीन पुन्हा गुंडाळली, या वेळी यांनी, घट्ट. आत येऊन बसले तर सदरा अंगाला चिकटलेला. मी नॅपकिन दिला.
"अमरावतीले गेलो का पाहतो."
"पाहा न. आधी कोनाचं पाहाचं, तेवढं ठरवा."

किल्ली फिरवता फिरवता हात थांबला.
"कल्पनाचा काय संबंध याच्यात?"

मी तिचं नाव घेतलं नव्हतं.

ते यांच्याही लक्षात आलं असावं. नॅपकिननं चष्मा पुसत बसले, पुसून झाला तरी. मग गाडी सुरू केली. आता बाहेर जावयाशी गप्पा चालल्या आहेत, हसण्याचा आवाज इथवर येतो. पिशवी माझ्याजवळ आहे, वायपर तिच्यातच. उद्या सकाळी परत निघायचं आहे आणि पाऊस काही थांबलेला नाही.