गाऱ्हाण्यातला मोठा आवाज

गणेश चतुर्थी, संध्याकाळ. माहेरी, कट्टा गाव.

डोकं नुसतं भणभणतंय. वकीलबाईंनी बजावलं होतं, मुलीचा ताबा कोणाकडे हे ठरवताना न्यायाधीश तिला एकटीला बोलावून विचारतील, तोवर घरात कोणी तिला पढवू नका. आणि माझे वडील, आमचे दादा! आरतीनंतर गणपतीसमोर गाऱ्हाणं घालताना म्हणतात, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक ह्याच घरात ठेव रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझ्या चिमूचा.

दादांना बोलले, तर म्हणे, "मी देवाक सांगलंय, कोर्टाक नाय." काय करायचं या माणसाचं?

पण चिमूचा तो आवाज कानातून जाईना. खूश व्हावं की नको? शेवटी वकीलबाईंनी नको म्हटलेलं तेच मी विचारून बसले, "चिमू, तुका खराच हयच रवाचा आसा?"

ती मोदक खात होती. "उद्या बाबांकडे मिठबावाक आजोबा पण असाच गाऱ्हाणा घालतले. थंय पण मी मोठ्यानच म्हणतलंय."

"कित्याक गो?"

"हळू म्हटला तर सगळे माझ्याकडे बघतत."