मेलेल्यांची डिश

८ जानेवारी, सोमवार
आज सूड घेतला. नितीनच्या डोक्यातून काढलेल्या गाठीच्या पेशी ऑपरेशनपासून लॅबमध्ये मीच वाढवतेय. खाणं बदला, ऊब जपा. धाकट्या भावाला पोखरणाऱ्यांना मी भरवायचं! आज शेवटी डिशसकट किरणांच्या मशीनखाली ठेवल्या. बटण मीच दाबलं. फार बरं वाटलं.
घरी आई बुद्धवंदना आटोपून उठत होती. म्हटलं, "आज त्यांना भाजून काढलं."
"पेशींशी कसलं वैर, बाई? त्यांना काय कळतंय?"
त्यांना नसेल कळत. मला कळतंय.

१२ जाने.
लगेच मरत नाहीत. एकीच्या दोन व्हायला जातात आणि तुटलेल्या डीएनएपायी तिथेच कोसळतात. रोज बघते. मेलेल्या सुटून वर तरंगतायत. झकास.
नि.च्या किरणांचाही आज शेवटचा दिवस. केस गेलेत तिथे टोपी. "ताई, हिंजवडीत सगळ्यांना स्टाइल वाटते."

१८ जाने., गुरुवार
गुरुवार, म्हणजे वीज नाही. जनरेटरवर आधी इन्क्युबेटर, मग माणसं.
लॅबप्रमुख देसाई मॅडम म्हणाल्या, "ती डिश टाका आता. उरल्यात त्या नुसत्या फुगल्यात, वाढत नाहीत. संपल्या. आपण स्मारक बांधणार आहात का त्यांचं?"
इथे सगळे टाकतातच. मी टाकली नाही. एकेकीच्या पोटात तीन-तीन, चार-चार केंद्रकं, सुजून पडल्यात. त्यांना कुजताना बघायचंय. शास्त्र वगैरे काही नाही, निव्वळ खुन्नस.

९ फेब्रु.
नि.चा एमआरआय स्वच्छ! आईने गल्लीभर पेढे वाटले. कंपनी त्याला एप्रिलमध्ये अमेरिकेला पाठवतेय.
पेढे घेऊन लॅबला गेले. सहज डिश काढली. सुजलेल्यांच्या शेजारी लहान, ताज्या पेशी. वाढणाऱ्या. मेल्याच नव्हत्या हरामखोर. दबा धरून, तुटलेलं सांधत बसल्या होत्या.
मॅडमनी बराच वेळ पाहिलं. "टाकली नाहीत, बरं केलंत." त्यांच्याकडून ही शाबासकीच. पेढा द्यायचा राहिला.

१० फेब्रु.
स्कॅनमध्ये गाठ दिसते. मूठभर पेशी दिसत नाहीत. डिश म्हणजे नितीन नव्हे, हे मला माहीत आहे. तरी नि.ला सांगावं का. आई पेढ्यांचं रिकामं खोकं धुऊन पुसून ठेवतेय, तिला काय सांगणार

१३ फेब्रु.
नव्या दोन डिश. दोन्हींना किरणं. सुजून बसल्या की एकीत औषध घालायचं, त्यांची दुरुस्तीच बंद पाडणारं. सांधा म्हणावं आता. मॅडम हो म्हणाल्या. मला उपाय शोधायचाय असं त्यांना वाटतं. मला त्यांचा निर्वंश करायचाय. काम तेच.

२२ मार्च, गुरुवार
औषधाविनाची डिश पुन्हा भरली. औषधाच्या डिशमध्ये काही नाही. पुन:पुन्हा पाहिलं. एकही नवी नाही. या खरंच मेल्या. एकटीच मोठ्याने हसले.
मॅडम: "हे डिशमध्ये. मेंदूत औषध पोचतं का, माणसाला झेपतं का, अजून कुणाला माहीत नाही. वर्षं लागतील."
वर्षं. कुणाची?

२४ मार्च, शनिवार
नि. लॅबवर आला. "दाखव ना माझे भाडेकरू." सांगून टाकलं सगळं. मेल्या समजून लोक टाकतात, त्याच उठतात.
"म्हणजे माझ्यातही?"
"असू शकतात. नसूही शकतात."
मग म्हणाला, "आणि आपण गल्लीभर पेढे वाटले." दोघंही हसलो. रडू येत होतं, पण त्या पेशींच्या देखत नाही रडणार मी.
आधी मेलेली डिश दाखवली, मग भरलेली. त्याने दोन्ही नळ्यांना दोन्ही डोळे लावले. नॉब फिरवला, परत फिरवला.
"ताई, तुझ्या मायक्रोस्कोपचा फोकस बिघडलाय. सगळं दोन-दोन दिसतंय."
मी पाहिलं. फोकस ठीक होता, मला सगळं एकेकच दिसलं.
"हो रे, जुनं मशीन आहे," म्हटलं आणि लेन्स पुसत बसले. सोमवारी एमआरआयची वेळ घेतलीय, नि.ला नेहमीचीच तपासणी म्हणून सांगितलंय. त्याला खाली सोडून वर आले आणि आणखी चार डिश लावल्या.