गाडीखालचा हिरवट डाग

३ मार्च, सोमवार

पोर्चमध्ये परत हिरवट डाग. यांच्या लाल गाडीच्या तोंडाखाली, रुपयाएवढा. पुसला. बरेच दिवस रोज पुसतेय. एसीचं पाणी असेल. एसीचं पाणी हिरवं कसं, हे मनात आलं नाही असं नाही. पण यांना सांगितलं असतं तर काम सोडून गाडीखाली आडवे झाले असते! प्रेसमध्ये बियाण्यांच्या पिशव्या छापायचा हंगाम, आणि मालक गाडीखाली.

तुळशीजवळची कुंडी भिंतीकडे सरकवली. काल यांचा डावा पाय तिला लागला. परवाही लागला होता.

५ मार्च

मक्याच्या पिशवीच्या प्रूफवर डाव्या कडेची ओळ गायब. 'बियाण्यास औषध लावलेले आहे, खाऊ नये'— नेमकी तीच! यांनी तपासून सही केली होती. मी गुपचूप ओळ घालून पाठवलं. दमलेत, दुसरं काही नाही.

९ मार्च, रविवार

अंबडला साखरपुडा होता. मी म्हटलं बसने जाऊ. "नऊ वर्षं झाली गाडी घेऊन, तू मोजून चार वेळा बसली असशील. आज चल." गेले. दोन सीटा, छप्पर उघडं, मी पदर डोक्यावर धरून. सिग्नलला पोरं हसतात म्हणून मी एरवी बसत नाही. यांनी ती एका कारखानदाराच्या मुलाकडून घेतली तेव्हा आठवडाभर बोलले नव्हते मी.

शहर सोडल्यावर डावीकडून एक मोटारसायकल आली. चांगली लांबून दिसत होती, मला. यांनी गाडी तिच्याच अंगावर घातली. मी किंचाळले. तो मुलगा थोडक्यात वाचला, थांबून ओरडला, "ओ काका, दिसून राह्यलं का न्हाई?"

हे हसले. "कुठून आल्ता गं हा?"

आता सांगावं— आता! तेवढ्यात बोनेटमधून वाफ. तापमानाचा काटा लाल रेषेच्या पार गेलेला. गाडी बंद.

खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. रस्त्याच्या कडेला उभी राहून मनात म्हटलं, बरं झालं, बंदच पड.

टेम्पोत घालून घरी आणली. चढवताना एक जण म्हणाला, "एवढुशी तर हाये, डोक्यावर घेऊन चला की!"

१० मार्च

बदरोद्दीनभाई येऊन गेले. जुन्या जालन्यात त्यांचं जुन्या पार्टांचं दुकान आहे. ही गाडी आली तेव्हापासून दोघांची दोस्ती. चहा विचारला, तर म्हणाले, "रोजा आहे भाभी." मग बोनेटमध्ये डोकं.

"वॉटर पंप गेला अंगदशेठ. इंजिन वाचलं, नशीब समजा. किती दिवसांपासून गळत होता?"

"एक थेंब न्हाई पडला बदरू. रोज बघतो ना मी. फरशी कोरडी ठणठणीत."

"असं कसं होईल?"

"अरे, पांढरी फरशी आहे! पडला असता तर दिसला नसता का?"

मी दारात उभी होते. फडकं तिथेच, नळाला वाळत घातलेलं.

एकही गॅरेजवाला या गाडीला हात लावायला तयार नाही. पंप मुंबईहून येणार. हे म्हणाले घरीच बसवू, तृप्ती मदत करेल. म्हणजे मी. आवाजात केवढा आनंद!

१६ मार्च, रविवार

जुना पंप काढला. नव्या पंपाची वाट बघत आहोत, पण यांना धीर कुठला. मी जुनी साडी नेसले. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं पाणी, कणीक मळायच्या जुन्या परातीत काढलं— तोच हिरवा रंग. पट्टा सोडला, पुली काढली. एक बोल्ट गंजून बसलेला. यांनी तेल सोडलं, पाना लावला आणि म्हणाले, "जोर देऊ नको, नुसतं धरून ठेव." धरून ठेवला. कितीतरी वेळाने 'टक्' झालं. दोघंही ओरडलो!

पंप हातात घेऊन मला दाखवला. खालच्या बाजूला बारीक भोक आहे. मला वाटलं गंजून पडलं. "न्हाई गं, कंपनीच ठेवते. आतलं सील खराब व्हायला लागलं की आधी इथून थेंब थेंब येतं. म्हणजे मालकाला कळावं, पंप जाऊन राह्यला म्हणून." आणि मग, बोट त्या भोकावरून फिरवत, "याने सांगितलंच न्हाई बघ."



थेंबांचं तर सांगायचंच. दुसरंही. कुंडीचं, प्रूफचं, ताटात चटणी मी उजवीकडे का वाढते त्याचं. पण किती दिवसांनी आम्ही दोघं एका कामाला लागलोय. हाताला ग्रीस, गालाला ग्रीस. पंप बसू दे, मग सांगते.

१८ मार्च

नाही सांगितलं.

२३ मार्च, रविवार

पंप आला. इंजिनाच्या तोंडावरचं जुनं पॅकिंग ब्लेडने खरवडायचं काम माझ्याकडे. "भाकरीच्या तव्यासारखं घास, पण ओरखडा नको." नवं पॅकिंग लावलं, पंप बसवला. बोल्ट वाटीत, यांच्या उजव्या हाताशी. एकेक घेत होते, गुणगुणत होते.

शेवटचा बोल्ट हातातून निसटला आणि डाव्या गुडघ्याशी थांबला. हे फरशीवर हात फिरवू लागले. पुढे. उजवीकडे. परत पुढे. बोल्ट उघड्यावर पडलेला, वीतभर अंतरावर. मी एका बोटाने तो हळूच त्यांच्या हातापाशी ढकलला. सवयीनं. विचारही न करता.

हात थांबला.

"तू सरकवला."

"तिकडं पडला होता..."

"तिकडं म्हणजे कुठं?"

"गुडघ्याजवळ. डाव्या."

खाली बघितलं. मान पूर्ण वळवून बघितलं. मग वर, माझ्याकडे.

"तुळशीजवळची कुंडी?"

"मीच."

"आणि कूलंट? पडत होतं?"

"रोज. मी पुसत होते."

"कधीपासून सरकवतेयस हे सगळं?"

"दिवाळीपासून."

बोल्ट मुठीत. मग अगदी हळू, रागाने नाहीच, "मंग मी इकडं समजून राह्यलो की मी बराबर आहे."

बोल्ट बसवला. नीट आवळला. हात न धुता आत गेले.

२४ मार्च

बोलत नाहीत. कुंडी परत जुन्या जागी आणून ठेवली त्यांनी.

२७ मार्च, गुरुवार

संभाजीनगरला डोळ्यांचे डॉक्टर. बसने गेलो. यांना एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं— उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी बाजूला बसून बघत होते. बटण किती कमी वेळा वाजलं!

काचबिंदू. कडांपासून नजर खात येतो, दुखत नाही, माणसाला स्वतःला कळत नाही. दोन्ही डोळ्यांच्या कडा गेल्या, डाव्याच्या जास्त. गेलेलं परत येत नाही. समोरचं जेवढं उरलंय तेवढं औषधाने टिकवायचं. आणि गाडी चालवायची नाही. बिलकुल नाही.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "चार-सहा महिने आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं. अडखळणं, वस्तू न सापडणं, घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

मी तोंड उघडलं.

"न्हाई डॉक्टर," हे म्हणाले. "मीच कोणाला कळू दिलं न्हाई."

बसमध्ये खिडकीची जागा मला दिली. मी रडत होते ते यांना दिसलं नसणार. मी डावीकडे होते.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. दुपारी बदरोद्दीनभाई आले, ईदचं बोलावणं घेऊन. "भाभी, चांद दिसला तर उद्या शीरखुर्मा. गाडीनं या. दोघंच मावतात, तिसरं कोणी बोलवायची भानगडच नाही!" त्यांना डोळ्यांचं माहीत नव्हतं. यांनीच सांगितलं, दोन वाक्यांत. भाईंनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या.

मग तिघांनी कूलंट भरलं. नळ्यांत अडकलेली हवा काढायला हीटर पूर्ण सोडायचा असतो— या उन्हात! घामाने चिंब. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं, काटा मधोमध स्थिर. एकही बुडबुडा उरला नाही. हे सीटवर बसून होते, स्टिअरिंगवर दोन्ही हात. गिअर टाकला नाही. गाडी बंद केली आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"ठेव. मी मागितली तरी देऊ नको."

मी यांचं 'चल ना, एक चक्कर' ऐकून न ऐकल्यासारखं केलं त्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. किल्ली अजून गरम होती.

६ एप्रिल, रविवार

सकाळी गाडीखाली एक हिरवा थेंब. नव्या पंपाचा सुरुवातीला येतो एखादा, यांनीच सांगितलं होतं. फडकं हातात होतं. पुसला नाही. हाक मारली.

आले. गुडघ्यावर बसले. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"कुठंय?"

यांचं बोट धरून थेंबावर टेकवावंसं वाटलं. नाही टेकवलं. सांगितलं.

"समोर. तुमच्या अगदी समोर."