नंबर नसलेला गॉगल

बोरी, ता. जिंतूर
दि. ९ मे

ती. कमलअक्कास,

धाकट्या चंद्रभानचा पाया पडून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? पालमला ऊन इथल्यासारखंच असणार, तेव्हा पापडाचं निमित्त करून भर दुपारी गच्चीवर चढू नकोस. हे सगळं फोनवर सांगणार होतो, पण तुला फोन स्पीकरवर टाकून बोलायची सवय (मागच्या खेपेला माझं पोट साफ झालं का, हे तुझ्या शेजारणीनंच विचारलं), म्हणून पत्र. तीस वर्षं बोरीच्या पोस्टातून लोकांची पत्रं वाटली, आता एक आपलंही जाऊ द्यावं म्हटलं.

तर अक्का, होळीपासून माझे डोळे लाल व्हायलेत, पाणी गळायलंय. डॉक्टर म्हणाले, उन्हात काळा चष्मा लावत जा. सांगून मोकळे झाले. माझा नंबर उणे सात, हे तुला माहीत आहे. परभणीला रस्त्यावरच्या गाड्याशी उभा राहिलो, आपला चष्मा काढून खिशात ठेवला, गॉगल चढवला आणि आरशात पाहिलं, तर समोर कोण आहे तेच कळेना. निवड करायची नजरेनं, आणि नजर तर खिशात! पुन्हा चष्मा लावावा तर गॉगल हातात. असे नऊ गॉगल झाले. शेवटी तुझी भावजय राजेश्री म्हणाली, "ह्यात तुमी लय बरे दिसायलाव," आणि तो घेतला. तिला मी बरा दिसत होतो, पण मला ती अजिबात दिसत नव्हती. (संसारात बऱ्याचदा असंच चालतं, पण ते राहू दे.) पन्नास पावलांवर मी हिरवं लुगडं बघून तिच्या हातची पिशवी घ्यायला गेलो. लुगडं हिरवं होतं, बाई दुसरीच होती. तिनं पिशवी सोडली नाही, मीही सोडली नाही. पुढचं लिहीत नाही.

मग चष्म्यावरच गॉगल चढवून पाहिला. दोन्ही मिळून नाकावरून खाली आले. शेवटी राजेश्रीनं मला ओढत चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथला सिद्धोधन आपल्याच गावचा, धम्मदीप गुरुजींचा मुलगा. मोठा शांत माणूस. त्यानं बसवून, पाणी देऊन समजावलं. काच जितकी काळी तितकी चांगली, असं नसतं म्हणे. उन्हातले वाईट किरण अडवणारी नसली, तर काचेआडच्या काळोखात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि त्रास उलट वाढतो. मोठ्ठा ऐटबाज गॉगल आमच्यासारख्यांच्या कामाचा नाही, कारण आमची काच कडेला जाड होत जाते. चौकट लहान असलेली बरी. उन्हात आपोआप काळी होणारी काचही असते, पण घरात शिरल्यावर काही मिनिटं तशीच राहते (म्हणजे मयताच्या घरी गॉगल घालून आला, असं लोक म्हणणार). मी साध्या तपकिरी काचेत माझा नंबर घालायला सांगितला. आठ दिवस लागतील म्हणाला. तपासता तपासता तो सहज बोलून गेला, "काका, तुमचं फक्त लांबचं अधू हाय. जवळचं तुमाला चष्म्याबिगर झकास दिसतं. बारीक अक्षर नाकाशी धरलं, की माझ्यापेक्षा चांगलं वाचताव."

राजेश्रीनं माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं, ते तुला कळलं असेल. नऊ वर्षांपूर्वी आमच्या सृष्टीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांमधून आपल्या दत्तरावदादाचं नाव राहून गेलं, तेव्हा मी सगळ्यांना हेच सांगितलं होतं ना, की छापखान्यातून कच्ची पत्रिका आली त्या वेळी चष्मा फुटलेला होता, काही दिसलं नाही. सख्खा थोरला भाऊ. तो लग्नाला आला नाही, आणि मीही पिंगळीला त्याच्या दारात गेलो नाही. असो. तो विषय वेगळा.

दुकानातून आम्ही एसटी स्टँडवर आलो. ऊन असं की डोळा उघडेना. म्हणून नंबर नसलेला गॉगल लावला, चष्मा राजेश्रीच्या पिशवीत टाकला, आणि ती जिंतूरच्या गाडीची चौकशी करायला खिडकीवर गेली. बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. म्हणजे एक पांढरा धुरकट ढीग होता.

"पाव्हणं, ती गाडी गंगाखेडची हाय का, बघा बरं," ढीग म्हणाला.

"मलाच न्हाई दिसायलं. ह्या गॉगलला नंबर न्हाई."

"मग घातलाव कशाला?"

डोळ्यांतनं पाणी गळायलंय, असं मी सांगितलं. मग आम्ही दोघे डोळ्यांवरच बोलत बसलो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. येत्या गुरुवारी एक डोळा परभणीच्याच सरकारी दवाखान्यात करायचा ठरलाय. भीती वाटायलीय, पण सांगणार कोणाला, म्हणाले. मी धीर दिला की आजकाल अर्ध्या तासाचं काम. समोरून दोन गाड्या आल्या नि गेल्या, त्या कुठल्या होत्या ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. वीसेक मिनिटांनी राजेश्री परत आली, जागीच थबकली, आणि डोक्यावर पदर घेत म्हणाली, "अगं बाई, दादा!" आणि वाकून पाया पडली.

म्हातारे उठून उभे राहिले. "चंद्या? तूच का रं?"

मी गॉगल काढला. दिसायचं ते आणखीच कमी दिसलं, पण दादाचा हात माझ्या खांद्यावर पडला एवढं कळलं. किती वाळलाय गं तो हात. पुढची गाडी राजेश्रीनं वाचली, जागा पकडून त्याला बसवलं. खिडकीतून तो एवढंच म्हणाला, "बेस्तरवारी आठला." ये म्हणाला नाही.

तर असा हा योगायोग. न दिसल्यामुळे नऊ वर्षांचा अबोला सुटला, असं राजेश्री सगळ्या गल्लीला सांगत सुटलीय. तूही तसंच समज. घरातल्या सर्वांना माझी आठवण सांग.

तुझा भाऊ,
चंद्रभान

ता. क. राजेश्रीला कळू देऊ नकोस. "पाव्हणं" एवढ्या एका शब्दातच मी दादाचा आवाज ओळखला होता. उठून जावंसं वाटलं, पण उठलो नाही. काळ्या काचेआड माणसाला बोलायला सोपं जातं.

ता. क. दुसरा. एक बोलणं वर मुद्दाम गाळलं. दवाखान्यात सोबत कोण आहे, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "पोरगं पुण्याला. एक भाऊ हाय, पण त्याच्या पत्रिकेत आमचं नाव न्हाई."

अक्का, चष्मा फुटलेला नव्हता. ती पत्रिका मी नाकाशी धरून वाचली होती. नाव राहिलेलं दिसलं होतं. सोयरीक न विचारता जुळवली म्हणून दादा आदल्या दिवशी चारचौघांत मला बोलला होता. म्हटलं, राहू दे एक रात्र, उद्या घालू. उद्या सकाळी पत्रिका छापून झाल्या होत्या.

हे पत्र सोमवारपर्यंत तुला मिळेल. बेस्तरवारी पहिल्या गाडीनं परभणीला ये. डोळ्यावर पट्टी बांधायच्या आधी मला हे त्याला सांगायचंय. तू काही बोलू नकोस, नुसती दवाखान्याच्या दारात उभी राहा. मी निघून जायला लागलो, तर आत ढकल.