विलायती फरारी आणि कोळशाची मोटर

बाबा, तुम्ही अख्ख्या जन्मात एकच सिनेमा पाहिलात, आणि तोही मला धरून घरी न्यायला आला होतात म्हणून. रिसोडच्या बाजारामागं तो तंबू लागला होता. दारावरचा माणूस तिकिटाशिवाय आत सोडेना, तेव्हा तुम्ही त्याच्यावर उखडलात. "मी तमाशा पाह्यले नाई आलो, माही पोरगी पाह्यले आलो!" तो म्हणाला, "काकाजी, पोरगी पाहा नाई तं सिनेमा पाहा, तिकीट एकच आहे." हे मला त्यानंच पुढं सांगितलं, आणि सांगताना तो इतका हसला की मलाही राग येईना. तुम्ही तिकीट काढलंत. हातात काठी, डोक्याला फेटा, पायात दिवसभराची धूळ, असे तुम्ही अंधारात शिरलात.

त्याच्या आधीचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तुम्ही ते कधी माझ्या तोंडून ऐकलं नाही. आई गेली तेव्हा मी चुलीपेक्षा थोडीशीच उंच होते. तुम्ही स्वतः भाकरी थापायला बसलात. तुमच्या भाकरीला एका बाजूनं शिंग फुटायचं, आणि तुम्ही म्हणायचात, "खा व माय, ही बैलाची भाकर आहे." अजूनही माझ्या हातून एखादी भाकरी वाकडी झाली की मी ती ताटात वर ठेवते. शाळेत तुम्हीच घातलंत. भावकीतले म्हणाले, पोरीच्या जातीला कायले पाटी-पेन्सिल? तुम्ही म्हणालात, माह्या घरात दुसरं हाये कोन? आणि विषय संपवलात.

ह्यांनासुद्धा आपल्या मळ्यात तुम्हीच आणलंत, हे विसरू नका. लढाईनं सगळं पेट्रोल खाल्लं होतं. मालेगावहून शिरपूरवरून रिसोडला जाणारी मोटर कोळशाच्या गॅसवर चालायची. मागं तो भलामोठा काळा ड्रम, त्यात कोळसा पेटवायचा, पंखा फिरवायचा, मग ती खोकत खोकत निघायची. आपल्या विहिरीजवळ ती रोज तापायची. ड्रायव्हर बादली घेऊन पाणी मागायला यायचा, आणि तुम्ही त्याला पाण्याबरोबर गूळ-शेंगदाणे द्यायचात. तोंड काळं, दात पांढरे, आणि बोलणं असं की तुम्ही औत उभं करून ऐकत बसायचात. मग एके दिवशी त्यानं तुमच्याकडं पाण्याऐवजी मला मागितलं. तुम्ही बादली खाली ठेवलीत. जात वेगळी, जमीन नाही, आईबाप नाहीत, वाशीमला एक मावशी तेवढी. "ज्याच्या पायाखाली चाकं, त्याच्या घराले उंबरठा कुठी?" असं म्हणालात. गूळ बंद झाला. महिन्याच्या आत मालेगावकडचं एक स्थळ ठरलं. घरची बागायत, चार बैलजोड्या, मुलगा वाईट नव्हता. मी नको म्हणाले तर तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडलात. "तुले काय समजते व?" मला काय समजतं ते सांगायला मी तोंड उघडलं, पण तुम्ही बाहेर निघून गेला होतात.

तर मी पळाले. पळाले हा शब्द फार मोठा आहे. मी भरदिवसा, हातात एक गाठोडं घेऊन, गावाबाहेरच्या वळणावर मोटरीत चढले. पळवून नेणारा माणूसच गाडी चालवत होता, आणि त्याला वाटेतले प्यासिंजर सोडता येत नव्हते. शिरपूरला देवदर्शन करून निघालेलं एक म्हातारं जोडपं बसलं, एक बांगड्यांची टोपली घेतलेला कासार बसला, कोणाची तरी शेळी बसली. प्रत्येक वेळी मोटर थांबली की माझा जीव वर यायचा. नाल्याच्या चढावर तिनं दम टाकला तेव्हा सगळ्यांना खाली उतरावं लागलं. हे मागून, ड्रमजवळून म्हणाले, "तू बसून राह्य." पण म्हातारी सुद्धा ढकलायला लागली होती, मी कशी बसून राहणार? पदर खोचून मीही मोटरीला खांदा दिला. तिथंच आपल्या गावच्या मेंढक्यानं मला पाहिलं. त्यानं तुम्हाला जाऊन सांगितलं ते हे: "तुमची पोरगी मोटर ढकलून राह्यली होती." म्हणजे मी पळून गेल्याची बातमी तुम्हाला अशी कळली. तुम्ही दमणी जुंपलीत आणि निघालात. तुमचे बैल त्या मोटरीपेक्षा काही फार मागं नव्हते.

रिसोडला पोचेपर्यंत ड्रमला भोक पडलं. पुढं वाशीमला ह्यांच्या मावशीकडं जायचं होतं, ती वाट तिथंच संपली. सिनेमाचा मालक ह्यांच्या ओळखीचा होता, त्याच्या विजेच्या इंजिनाला हेच मधून मधून औषधपाणी करायचे. तो म्हणाला, पोरीला बायांच्या बाजूला बसव, तिथं कोणी पुरुष यायचा नाही, आणि तू तेवढं इंजिन पाहा, कालपासून ठसकते आहे. अशी मी कनातीच्या पलीकडं, बायांमध्ये जाऊन बसले. बाया हळदीकुंकू लावून आल्या होत्या, एकीच्या हातात नारळ होता. बाहेर देवाचं चित्र लावलं होतं ना! पण अकोल्याहून आलेले डबे बदलले होते. देवाच्या सिनेमाच्या डब्यांतून भलताच सिनेमा निघाला, काळा-पांढरा, इंग्रजी, कोणी कधी नाव न ऐकलेला. मालकाकडं दुसरं काही नव्हतं. त्यानं खडूनं फळ्यावर स्वतःच नाव लिहिलं, "विलायती फरारी," आणि लावून दिला.

तुम्हाला आठवतो का तो? एक पोरगा घड्याळाच्या दुकानात कामाला असतो. त्याच्या मालकाचा खून होतो आणि आळ ह्याच्यावर येतो. दवाखान्यातली एक नर्स त्याच्यावर भरवसा ठेवते, आणि दोघं मोटरीतून पळतात. बस, एवढीच गोष्ट. तो काढणारी कंपनी आपल्यासारखीच गरीब असली पाहिजे. सगळा सिनेमा अंधारात काढलेला. माणसाचं अर्धं तोंड दिसायचं, अर्धं नाही. खिडकीच्या पट्ट्यांची सावली भिंतीवर. लोक ओरडायचे, "अरे, बत्ती लावा!" पडद्याशेजारी एक माणूस भोंगा घेऊन उभा होता, गोष्ट समजावून सांगायला. त्याला इंग्रजी तुमच्याइतकंच येत होतं. तो म्हणायचा, "बायांनो अन् भाऊंनो, रात आहे. पोट्टा म्हनते, तू घरी जाय, माह्यासंगं काहून मरतं? पोट्टी म्हनते, मले घर नाई, तूच माहं घर." आता वाटतं, पडद्यावर ती बाई कदाचित चहा मागत असेल. पण त्या दिवशी मला ते माझंच बोलणं वाटलं.

आणि तेवढ्यात मी तुमचा खोकला ऐकला.

मी तो हजार माणसांत ओळखेन. पुरुषांच्या बाजूनं, अगदी कनातीलगत. तंबूबाहेर बंद पडलेली आमची मोटर तुम्ही ओळखली असणार. मी कनातीपासून दूर सरकले. उठून जावं तर दार तुमच्या बाजूनं. शेजारच्या बाईनं माझा हात धरला, तिला वाटलं मी सिनेमाला भ्याले. "कायले भेतं व, खोटं असते थे," म्हणाली. पडद्यावर दोघं एका हॉटेलात अडकले आणि पहिलं रीळ संपलं, दुसरं चढवायला म्हणून ग्यासबत्ती लावली. मी पदर नाकापर्यंत ओढला. कनातीच्या वर तुमचा फेटा दिसला. तो इकडं वळला, क्षणभर थांबला, आणि खाली बसला. मला वाटलं, देवानं तुमचे डोळे झाकले.

पुढं जे झालं ते मी कितीदा सांगितलं तरी लोकांना मी रचून सांगते असं वाटतं. दोघं मोटरीतून चाललेले, मागून खिडकीत झाडं पळताहेत. अन् तुमचा आवाज आला, "अरे, हे तेच झाड आहे! मघाशी बी हेच गेलं!" लोक हसले. भोंगेवाला म्हणाला, "काकाजी, साह्यबाच्या देशात झाडं सारखीच रायतेत." दोघं नव्या गावच्या हॉटेलात उतरले तर तुम्ही म्हणालात, "कंदील बी तोच!" पण मग हळूहळू तुमचा आवाज बदलला. पोलीस जिना चढू लागले तेव्हा तुम्ही म्हणालात, "मागून निंघ ना बे." हळूच म्हणालात, जसं आपल्या माणसाला म्हणतो तसं. नर्सनं आपल्या हातातलं कडं काढून मोटरीसाठी गहाण टाकलं तेव्हा तुमच्या बाजूला कोणी तरी नाक ओढलं. आणि शेवटी, धुक्यात, पुलावर, दोन्हीकडून शिपाई आले, तेव्हा सगळ्या तंबूत एक माणूस उभा राहिला आणि काठी उगारून ओरडला, "पळा रे पोट्टेहो! पळा!" ते तुम्ही होतात. मी पदर दातात धरून हसत होते आणि रडत होते, दोन्ही.

बंदुकीचा आवाज झाला. पडद्यावर काहीच दिसेना. तंबू एकदम खवळला. भोंगेवाल्यानं लोकांची तोंडं पाहिली, आणि जोरात म्हणाला, "टायर फुटला! फक्त टायर फुटला! दोघं नदीतून पार!" मागून कोणी तरी मशीन बंद केलं, बत्ती लागली, आणि लोक टाळ्या वाजवत उठले. नारळवालीनं पडद्यासमोर नारळ फोडला.

बाहेर तुम्ही बैलांजवळ उभे होतात. मी आपणहून आले. हे इंजिनाच्या मागून आले, हात तेलानं भरलेले. काठी तुमच्या हातात होती, पण तुम्ही ती टेकायला धरता तशी धरली होती. माझ्याकडं पाहून म्हणालात, "घरी चाल."

"नाई, बाबा," मी म्हणाले.

तुम्ही वळलात. बैलांपुढं कडबा सारखा केलात, एकाच्या कपाळावरून हात फिरवलात. मग ह्यांना विचारलंत, "तुही मोटर केव्हा चालू होते?"

"उद्या दुपारी, काकाजी. नाई तं परवा."

"मंग कशी पळवून राह्यला बे माही पोरगी?"

हे हातांचं तेल पुसू लागले. तुम्ही म्हणालात, "तांबडं फुटलं की निंघू. मी नेऊन सोडतो वाशीमले." मी रडायला लागले तर रागावून म्हणालात, "आइक. पळून गेलेली पोरगी वेगळी, अन् बापानं नेऊन सोडलेली वेगळी. उद्या कोनं इचारलं तं मले खोटं बोलता येत नाई."

सकाळच्या थंडीत आम्ही निघालो. घोंगडी तुम्ही माझ्या पायांवर टाकलीत. बरंच अंतर गेल्यावर तुम्ही मागं न वळता म्हणालात, "तुले पयल्याच उजेडात पाह्यलं होतं."

"मंग बसले काहून?"

"मंग काय! थे दोघं हाटेलात अडकले होते ना." थोड्या वेळानं पुन्हा, ह्यांना, "खरंच सुटले का बे थे?" ह्यांना मशीनवाल्यानं आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं की दोघंही पुलावर मरतात. हे म्हणाले, "सुटले, काकाजी. शेती केली म्हनते पुढं." तुम्ही समाधानानं बैलांना हाकारलंत. इकडं घोंगडीखाली ह्यांनी मला चिमटा काढला.

तुम्हाला त्याची किंमत पडली, हे मला माहीत आहे. भावकीनं दोन वर्षं पंगतीला बोलावलं नाही. मालेगावचे लोक दारात येऊन नाही नाही ते बोलले. तुम्ही एकच वाक्य सगळ्यांना सांगितलंत, "पळाली नाई. मीच नेऊन देली." आणि दर पोळ्याला दमणी घेऊन वाशीमला येत राहिलात, गुळाची ढेप घेऊन, जावयासाठी. ह्यांनी पुढं स्वतःची मोटर घेतली, पेट्रोलवाली. तुम्ही तिच्यात पुढं बसायचात आणि झाडं मोजायचात.

आता हेही थकले आहेत. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून हे पत्र मी त्यांना वाचून दाखवणार आहे. त्यांना ते आवडेल, विशेषतः मोटर ढकलली ते. पण इथपर्यंतच वाचेन. पुढच्या ओळी फक्त तुमच्यासाठी, आणि तुम्ही गेलात तिथं टपालानं काही पोचत नाही, तेव्हा त्या माझ्याजवळच राहतील.

त्या संध्याकाळी, बैलांजवळ, तुम्ही 'घरी चाल' एकदाच म्हणालात. अजून एकदा म्हणाला असतात ना, बाबा, तर मी आले असते.