विनू, गाडी मागं का नाही घेतलीस?

प्रिय विनू,

तू गेल्याला आठ महिने झाले. इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय झालं तेच मला नीट माहीत नव्हतं. सरकारी कागदावर दोनच ओळी होत्या. शांतिसेनेवर हल्ला, कर्तव्यावर असताना मृत्यू. परवा तुझ्या तुकडीतला हरपाल सुट्टीवर गावी जाताना वाट वाकडी करून सौंसरला आला. बसस्टँडवरून मीच त्याला बोरगावला घरी आणलं.

ओसरीवर बसून त्यानं सगळं सांगितलं. त्या दिवशी तुमच्या चौकीजवळच्या पुलापलीकडच्या बाया बाजाराला निघाल्या होत्या. युद्ध थांबलेलं, पण त्या देशातून फुटून निघालेला तो मुलूख कोणाचा हे अजून ठरलेलं नाही, म्हणून त्यांच्या सोबतीला तुम्ही. टेकडीवरून गोळ्या आल्या. पुढची गाडी पेटली. मागं यायला तुला रस्ता मोकळा होता, हरपाल तसं ओरडलाही. तू मात्र बाया आणि टेकडी यांच्या मधे गाडी आडवी लावलीस, आणि त्या पार होईपर्यंत हलवली नाहीस.

का रे? मागं घेतली असती तर तुला कोण काय म्हणणार होतं? मला अजून राग येतो तुझा.

आईनं त्याला एकच विचारलं, "त्या बाया वाचल्या काय?"

"सगळ्या, माँजी," हरपाल म्हणाला.

मग ती उठली आणि त्याच्यासाठी भाकरी टाकायला आत गेली.

बाबा उठून बागेत निघून गेले. तुला तिकडं पाठवायला त्यांचीच ना होती, आठवतं? मीच त्यांना समजावलं होतं, की तिकडची लढाई संपली, विनू फक्त मधे उभं राहायला जाऊन राहिला. पोरांना भूगोल शिकवणारी मी, म्हणून त्यांनी माझं ऐकलं.

आणि पहिल्याच महिन्यात तुझा फोन! चौकीवर गोळीबार झाला, दोघे जखमी झाले, पण ताई, घरी सांगू नोको. मी नाही सांगितलं. पुढच्या फोनवर तू सारं ठीक आहे म्हणालास, तेही मानलं. मानणं सोपं होतं म्हणून.

हरपालला बसमध्ये बसवून परतले, तेव्हा बाबा संत्र्याच्या झाडाखाली गवत काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तो सांगत होता, तिथं पहिलेपण गोळ्या चालल्या होत्या. तुले मालूम होतं काय?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं," म्हणाले, आणि पुन्हा खाली वाकले. त्यांना ते खरं वाटलं, विनू. याच्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

तुला दिलेला शब्द मी तू गेल्यावरही आठ महिने पाळला. आता मोडणार आहे. उद्या रविवार, शाळा नाही. सकाळीच बागेत जाईन आणि बाबांना सांगीन, की मला मालूम होतं. पुढं ते जे बोलतील ते ऐकून घेईन.

तुझी,
सुनंदाताई