चार नंबरच्या मशीनचा आवाज

सर, तुमचा कॉम्प्युटर माझ्या दुकानातल्या टेबलावर आडवा पडला होता, आणि खोटं कशाला बोलू, त्याचे स्क्रू काढताना मला लई बरं वाटलं. काकू, म्हणजे तुमच्या मिसेस, रिक्षात घालून घेऊन आल्या. तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली. "यांनी शिकवलेले धडे आत भरून ठेवलेत, पण आवाजच येत नाही. एकदा ऐकायचंय गं," म्हणाल्या. त्यांनी मला ओळखलं नाही, ओळखणार तरी कशा? मी मात्र तुमच्या क्लासमधलं ते चार नंबरचं मशीन लगेच ओळखलं. दसऱ्याच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस. पुढच्या भोकात मी हेडफोनची पिन घालते, ती निम्मीच जाते, मी जरा जोर लावते, कानात नुसती खरखर. तुम्ही येता, पिन उपटता आणि सगळ्या बॅचसमोर म्हणता, "मोडलंस ना? जा, आईसारख्या विड्या वळत बस. हे हात परत मशीनला लावायचे नाहीत." परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मी रडत पूर्व भागात, आमच्या विडीवाल्यांच्या वस्तीतल्या घरापर्यंत चालत गेले. पुढची दोन वर्षं खरंच विड्या वळल्या, सर. एकेका विडीला तुमचं नाव घेऊन दोरा आवळला. मग दुसरीकडं शिकले, तुमच्या नाकावर टिच्चून.

आता ऐका, तिथं वर ऐकू येत असेल तर. पोरांनी मागं हात घालू नये म्हणून तुम्ही सगळी मशीनं प्लायच्या खोक्यात कुलूप लावून ठेवायचात. मागंसुद्धा आवाजाचं एक भोक असतं, हिरवं. कुणी हात न लावलेलं, कोरं करकरीत. स्पीकरची वायर तिथं लावली, सेटिंग बदललं, आणि तुम्ही बोलायला लागलात की! एक मिनिट लागलं. म्हणे सर! मग पुढचं भोक सुईनं टोकरलं. आतला पत्रा गंजलेला, आणि सुईवर आलं काय, तर कुंकू, वाळून खडा झालेलं. खंडेनवमीच्या पूजेत ओलं कुंकू नेमकं भोकात गेलेलं, आणि नाव माझं.

काकूंना मी मुद्दाम चार दिवस थांबवलं. आल्या तेव्हा आधी सुईच समोर धरली आणि या कुंकवापायी तुम्ही एका पोरीला कसं हाकललंत ते सांगितलं, ती पोरगी मीच एवढं सोडून. तुमची अब्रू त्यांच्यासमोरच काढायची होती. त्या खाली बसल्या. "माझ्याच हातनं गेलतं ते," म्हणाल्या. "पोरीला काढलं त्याच दिवशी मी यांना सांगितलं. तर म्हणले, आता तिला परत बोलावलं तर पोरं मला काय म्हणतील? मी पूर्व भागात विचारत फिरले, पत्ता लागला नाही. तुझ्या ओळखीत हाय का गं तशी कुणी?"

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही मला विड्या वळू दिल्यात.

पण सूड घ्यायला तुम्ही कुठं उरला होतात? समोर काकूच होत्या. मी त्यांना तुमचा आवाज ऐकवला, त्या पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या. जाताना म्हणाल्या, "ती पोरगी कुटं दिसली, तर मला सांग." मी "बरं काकू" म्हणाले. 'ती मीच' हे सांगितलं नाही, ते त्यांना वाईट वाटेल म्हणून नव्हे, सर. त्यांनी शोधतच राहावं, म्हणून.